पानं पडेपर्यंत

व्हरमाँट,
९ ऑक्टोबर १९८४

प्रिय लोरेटास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आई मजेत आहे, तिची काळजी नको. करायचीच तर माझ्या पाठीची कर! टूसॉनच्या वाळवंटात आपलं अंगण म्हणजे नुसती खडी. सकाळी दंताळ्याने रेघा ओढल्या की दिवस मोकळा. त्याच सवयीने नव्या घरी आम्ही मायलेकी रोज पानं ओढायला लागलो. दुपारी वारा सुटला की अंगण पुन्हा होतं तसं. शेवटी शेजारचे म्हातारे पेलेटिए कुंपणाशी येऊन म्हणाले, की बायांनो, झाडं रिकामी व्हायच्या आत कुणी दंताळं हातात घेतं का? आई इतकी हसली की पानांतच बसली.

आता तिने इथली रीत उचलली आहे. पानं चादरीवर ओढायची, दोघींनी चार टोकं धरायची आणि झाडीत नेऊन ओतायची. तू दिलेली निळी चादर भलतीच मजबूत निघाली! पानं संपली की आई तुझ्याकडे परत येणारच आहे, शब्दच दिलाय तिने. तोवर राहू दे इथे.

लोभ आहेच. ओरडताना तो आठवावा.

तुझी,
ट्रिना


टूसॉन,
१७ ऑक्टोबर

प्रिय ट्रिनास,
राग बाजूला ठेवून अ. आ.

माझी निळी चादर! आईच्या साठीला दिली होती. फार चांगली आहे म्हणून तिने ती कपाटात ठेवली, माझ्याकडे एकदाही अंथरली नाही. आणि तुझ्याकडे तिच्यात कचरा?

वर हसली म्हणे. बाबा गेल्यापासून तिचं सगळं मी केलं. गुडघे दुखतात म्हणून दंताळं कधी तिच्या हाती लागू दिलं नाही. खुर्चीत बसवून सगळं हातात दिलं, तरी खडीवर मेस्कीटच्या झाडाची एक शेंग दिसली की माझ्या नावाने शंख! आणि तुझं घर लावायला म्हणून गेली ती पानांत लोळते. मला हेवा वाटतो, ट्रिना. सरळच लिहिते. तुझा, तुझ्या झाडांचा, त्या पेलेटिएचासुद्धा.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिची खुर्ची माझ्या टेबलाशी हवी. तोवर पानं संपतील ना?

लोभ मागाहून पाठव. आधी आई पाठव.

लोरेटा


व्हरमाँट,
१२ नोव्हेंबर

प्रिय लोरेटास,
भीत भीत सा. न. वि. वि.

मेपल केव्हाच रिकामे झाले. पण अंगणाच्या कोपऱ्यात बीच नावाचं एक झाड आहे. त्याची पानं वाळून कागदासारखी झाली, तरी पडायला तयार नाहीत. आई रोज त्याच्याखाली उभी राहते आणि मला सांगते, की काम अर्धं टाकून जायची तिला सवय नाही. तिकिटाचं नाव काढलं तर ऐकू न आल्यासारखं करते. थँक्सगिव्हिंगचं काही खरं दिसत नाही गं.

माझ्यावर नको, त्या झाडावर राग काढ.

ट्रिना


टूसॉन,
२६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी खुर्ची मांडली होती. शेजारची विल्मा येऊन त्यात बसली. तिचं माहेर व्हरमाँटला लागूनच, न्यू हॅम्पशायरचं, म्हणून तिला तुझ्या झाडाचं विचारलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, बीच हिवाळाभर पानं धरून ठेवतं, वसंतात नवे कोंब फुटले की मगच सोडतं, आणि हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे पेलेटिएंनी तुला केव्हाच सांगितलं असणार. आई, अख्ख्या अंगणात तू बरोबर तेच झाड निवडलंस!

दोन दिवस नुसती जळफळले. विल्माशीही धड बोलले नाही.

आता ये म्हणत नाही. राहा, पानं पडेपर्यंत राहा. इथलं दंताळं तुझ्या खुर्चीला टेकवून ठेवलंय. आलीस कधी तर घे हातात, मी ओरडणार नाही.

कोंब फुटल्याचं मात्र कळव. मी येणार आहे. चादरीची दोन टोकं तू धरायची, दोन मी. ट्रिनाला सांग, त्या दिवशी तिने घरात बसून स्वयंपाक करावा.

लोभ दोघींत वाटणार असशील, तर मोठा वाटा माझा असावा.

तुझी थोरली,
लोरेटा