उन्हाच्या वाटणीचा कागद

वाल्देकार्दो, ९ जुलै

प्रिय विसीताईस, धाकट्या एउतिमियाचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुझा गुडघा शांत असो आणि सारागोसाच्या उकाड्यात तुझी तब्येत टिकून असो. मी देवाच्या कृपेने ठणठणीत आहे. (आईच्या शिवणयंत्रावरून आपण अकरा वर्षं एकमेकींशी बोललो नाही, हे खरं; पण भांडण आहे म्हणून प्रकृतीही विचारू नये, असं कुठे लिहिलेलं नाही.)

तर कळवायचं असं, की मी सध्या गावच्या वीज मंडळाची अध्यक्ष आहे. मी मागितलं नव्हतं. सभा चालू असताना कॉफी आणायला आत गेले आणि बाहेर येते तो माझ्या नावाने टाळ्या वाजत होत्या. आता गळ्यात पडलंच आहे, तर तडीस नेल्याशिवाय सोडणार नाही. कारण लुदिविना बेकरी बंद करून सप्टेंबरात शहरात निघाली आहे. विजेच्या भट्टीचं बिल तिला पेलत नाही. बँक गेली, डॉक्टर पंधरवड्याला एकदा येतो, आता पावही गेला तर या गावाला गाव कशाला म्हणायचं? म्हणून ठरलं, की गावातल्याच एका छपरावर सौर पॅनेल बसवायची आणि ती वीज बेकरी आणि चाळीस घरांनी वाटून घ्यायची. वाटणीच्या कागदावर मात्र झाडून सगळ्यांची सही हवी. एक राहिली, तरी मुसळ केरात.

शहरातून आरांचा नावाची इंजिनीअर आली. पोरगी हुशार. पॅनेल, बॅटरी, सगळ्यांत मिळून एक विजेची गाडी, सगळं एकाच छत्राखाली बघणार म्हणाली. शिवाय तिने प्रत्येकाच्या फोनवर एक हिरवा दिवा दिला. दिवा लागला की ऊन भरपूर, तेव्हा धुण्याची यंत्रं लावायची. पॅनेल यायच्या आधी सराव करू म्हणाली. केला. दिवा लागला दुपारी तीनला. ताई, दुपारी तीनला! ज्या वेळी आपल्याकडे कुत्रासुद्धा विचार करून भुंकतो, त्या वेळी सदतीस यंत्रं एकदम गरगरायला लागली. एर्मोहेनेसकाका (तेच ते, निवृत्त पोलीस, आता चौऱ्याऐंशीचे) बनियनवर चौकात आले आणि जुनी शिट्टी फुंकून ओरडले, "कोण मेलं? कुणी मेलं नसेल, तर आता मरेल!" आरांचाला वाटलं, इथे असं स्वागत करतात. तिने हात हलवला.

लुदिविनाने तर त्याच्यावर कडी केली. ऊन दुपारी, म्हणून तिने भट्टीही दुपारी पेटवली. आठवडाभर सकाळी सगळे शिळा पाव खाऊन तिच्या नावाने बोटं मोडत होते. मग संध्याकाळी पाचच्या गरम पावाची चटक लागली आणि आता तेच लोक सांगतात, की आमच्या आजोबांच्या काळापासून पाव पाचलाच मिळतो. वाटणीच्या सभेत प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मला जास्त नको, फक्त समोरच्यापेक्षा कमी नको." चार सभा झाल्या. शेवटी मी म्हटलं, सगळ्यांना सारखं, आणि ज्याला पटत नाही त्याने अध्यक्ष व्हावं. लगेच पटलं.

राहिले काका. झोपमोड करणाऱ्या कागदाला मी हात लावणार नाही, म्हणाले. मी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी माझी खुर्ची माझ्या दारात न ठेवता त्यांच्या दारात ठेवली आणि विणत बसले. कागदाचा शब्द काढला नाही. दहाव्या संध्याकाळी ते बाहेर आले.

"एउतिमिया, तुझं घर जळालं का गं?"

"नाही, काका."

"मग इथे काय बसलीस?"

"सही झाली की उठते."

"हट्टी ते हट्टीच. बापावर गेलीस," म्हणाले आणि त्यांनी सही केली. अट एकच: शेजारच्या ओबदुलियाचं यंत्र तीन ते चार बंद. (त्यांचं घोरणं यंत्रापेक्षा मोठं आहे असं ती म्हणाली, पण कबूल झाली.)

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद सांग.

तुझी,
एउतिमिया

ता. क. सोबत कागद आहे. पॅनेल आपल्या आईबाबांच्या घराच्या छपरावर बसायची आहेत आणि ते घर दोघींच्या नावावर आहे. फुली मारली आहे तिथे तुझी सही हवी. एवढीच उरली आहे. कागदासाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. कागदासाठीच लिहिलं आहे.

दुसरा ता. क. कागद पोस्टाने पाठवू नकोस, पोस्टाचा भरवसा नाही. स्वतः येऊन सही कर. शिवणयंत्र तेल घालून ठेवलं आहे. जाताना घेऊन जा, किंवा मग जाऊच नकोस.

तिसरा ता. क. हे गावात कुणाला बोलू नकोस. पोरं भिंतीवर चेंडू मारत पेलोटा खेळतात त्या मैदानावरचं पत्र्याचं छप्पर आपल्यापेक्षा दुप्पट मोठं आहे, दक्षिणेकडे तोंड करून आहे, आणि महापौरांनी ते मार्चमध्येच देऊ केलं होतं. मीच नको म्हटलं. त्या छपराला तुझी सही लागत नाही.