बांधाच्या टोकाचं शीड

मंगळवार, सकाळ
मनोऱ्याखालची खोली

तीर्थरूप आप्पा,

नमस्कार. सुरुवातच एका प्रश्नाने करते आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हेही आधीच सांगून टाकते. समोर नसलेली वस्तू एखाद्याने खरोखर पाहिली आणि तसं शपथेवर सांगितलं, तर त्या माणसाला काय म्हणायचं? खोटारडा म्हणता येत नाही. आंधळाही म्हणता येत नाही. मी बरेच दिवस शब्द शोधते आहे.

पाकिटावर तिकीट नाही, याचं नवल वाटू देऊ नका. ते शेवटी कळेल.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण दुकानातून शिवायला आणलेलं काम ती खाली ठेवत नाही. मी पदवीधर झाल्यापासून घरात कोणताही छापील कागद आला की तो माझ्यासमोर येतो. परवा साबणाच्या वेष्टनावरचं बारीक लिहिलेलंसुद्धा तिने मला वाचायला लावलं. "चार पुस्तकं शिकलीस ना, मग वाच." मी वाचलं. साबण डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढंच त्यात होतं.

मला नोकरी लागल्याचं मावशीने तुम्हाला कळवलं असेल. कुठे लागली, ते मीच तिला कळवू नकोस म्हटलं होतं. बंदराच्या हवामान कचेरीत लागली, आप्पा. रोज सकाळी मनोऱ्यावर चढायचं, दुर्बिणीतून किती दूरवर दिसतं ते पाहायचं आणि कचेरीला फोनवर सांगायचं, एवढं काम. मनोरा तोच, दुर्बीण तीच. तुमच्या खुर्चीचं बूड नवं घातलं आहे, पण हात टेकून टेकून झिजलेला डावा हात तसाच आहे. त्यावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा तो माझ्याच मापाचा वाटला.

आईला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जगात दुसरी खिडकी नव्हती का?" मग तिने सुईत दोरा ओवायला घेतला.

तुमची खोली कशी आहे? लाकडाच्या वखारीतली धूळ घशाला बरी नाही. तोंडावर फडकं बांधत जा. तुम्ही बांधणार नाही, मला माहीत आहे.

आता जे सांगायचं ते सांगते.

दुर्बीण उजव्या माणसासाठी बसवलेली आहे. तुम्हाला हे सांगायला नको, तुम्ही तिथे अर्धं आयुष्य काढलंत. पण मला ते आधी कळलं नाही. शाळेत बाईंनी पट्टी मारून माझा लिहिण्याचा हात बदलला, तसा तुमचाही कोणीतरी बदलला असणार. तुम्ही सही उजव्याने करता आणि खिळा डाव्याने ठोकता. पण डोळा कोणी बदलत नाही. कोणाच्या लक्षातच येत नाही. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानसं भोक ठेवायचं, त्यातून दारावरची कडी पाहायची आणि एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याला कडी दिसत राहते तो आपला मुख्य डोळा. माझा डावा आहे. तुमचाही तोच असणार, पैजेवर सांगते. दुर्बिणीच्या उजव्या अंगाला खिडकीचा तो लोखंडी खांब आहे. डावा डोळा लावायचा तर कपाळ खांबावर आपटतं. म्हणून उजवाच लावावा लागतो आणि डावा मिटावा लागतो.

आणि तो मिटत नाही. एक मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. दादा तुमची नक्कल करायचा, आठवतं? दोन्ही डोळे घट्ट मिटून म्हणायचा, "आप्पांची टेहळणी चालू आहे, कोणी बोलू नका." तुम्ही चप्पल उगारायचात आणि तुम्हालाच हसू फुटायचं. मलाही त्याने सोडलं नाही. "डावरे, तू बस आप्पांच्या खुर्चीत, घराण्याचं नाव काढशील."

म्हणून तुम्ही डाव्या हाताचा पंजा डाव्या डोळ्यावर ठेवायचात. मीही अगदी तेच करते. मला कोणी शिकवलं नाही.

आता धुक्याच्या दिवसांबद्दल.

पहिल्यांदा दाट धुकं आलं त्या सकाळी मी पांढरा रेनकोट खिडकीच्या डावीकडच्या खुंटीवर अडकवला आणि बसले. धुक्यात कोणी परतलं नाही तर मदतीची लाँच लगेच बोलावता यावी म्हणून घंटेचा दोर हातात ठेवायचा, हा नियम अजून आहे. धक्क्यावरच्या फोरमनकाकांनी खालून ओरडून आठवण केली, "दोर धर गं. धरल्याशिवाय डोळा लावायचा नाही." मी धरला. डाव्या हाताने. उजवा चाकावर होता, दुर्बिणीचं चाक उजवीकडेच आहे ना. दुर्बीण लाटा अडवणाऱ्या बांधाच्या टोकाकडे वळवली. सगळं करडं होतं. आणि त्या करड्यात, बांधाच्या आतल्या शांत पाण्यात, एक पांढरं शीड उभं होतं.

आप्पा, मी ते पाहिलं. लहान, खाली रुंद, वर निमुळतं. जरा हलत होतं. भीती वाटली नाही. आली बाई होडी, असंच वाटलं.

मी खाली हाक मारली, "काका, बांधाशी कोण आलंय?"

"कोणी नाही. बांधावर मीच उभा होतो आत्तापर्यंत."

"शीड दिसतंय."

काका वर आले. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा बापही हेच म्हणत होता."

त्यानंतर प्रत्येक धुक्याच्या सकाळी ते यायचं. त्याचं कारण मला लवकरच कळलं होतं, तरी येऊ देत होते, हे तुम्हाला सांगायला हवं. रेनकोट दुसरीकडे ठेवता आला असता. मी मुद्दाम त्याच खुंटीवर अडकवत होते आणि दोर धरून बसत होते. दर वेळी दादाची होडी बांधापर्यंत पोचायची. कचेरीत फोन केला की माझा आवाज इतका आनंदी यायचा की पलीकडचा कारकून विचारायचा, "ऊन पडलंय वाटतं तिकडे?"

कारण असं आहे. दुर्बीण बांधाच्या टोकाकडे वळवली की डावा डोळा बरोबर त्या खुंटीसमोर येतो. भिंत धुक्याच्याच रंगाची आहे. एरवी तुमचा पंजा डोळ्यावर असायचा, म्हणून इतक्या वर्षांत काही झालं नाही. पण दादा परत आला नाही त्या धुक्याच्या सकाळी पंजा दोरावर होता. उजव्या डोळ्याला धुक्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून डाव्याने पाहिलेलं त्याच्यात मिसळलं. खोलीतली वस्तू समुद्रात दिसली. तुम्ही झोपला नव्हता. चौकशीला आलेल्या साहेबांनी लिहिलं तसे प्यायलेलेही नव्हता. तुम्ही नियम पाळत होता. दोर हातात होता म्हणून शीड दिसलं आणि शीड दिसलं म्हणून, दादा पोचला असं समजून, दोर ओढला नाहीत. मदतीची लाँच धक्क्यालाच राहिली.

साहेबांनीही त्या खुर्चीत बसून पाहिलं होतं. त्यांना काही दिसलं नाही. एकतर ते उजव्या डोळ्याचे असतील. आणि दुसरं म्हणजे तोपर्यंत खुंटी रिकामी झाली होती.

इथे माझी लेखणी तासभर अडली होती, आप्पा.

दादा होडीने, वाट दाखवणारी तरंगती पिंपं तपासायला निघण्याआधी वर चढून यायचा. पांढरा शर्ट काढून कामाचा निळा घालायचा. पांढरा कुठे अडकवायचा, ते तुम्हाला माहीत आहे. ती खुंटी तुम्हीच त्याच्यासाठी ठोकली होती, खुर्चीवर कपडे टाकतो म्हणून.

हे तुम्हाला सांगावं की नाही, यावर मी खूप झगडले. काका म्हणाले, "खपली धरली आहे, पोरी. नख लावू नकोस. आज तो स्वतःला एवढंच म्हणत असेल की मला भास झाला. भासाबरोबर माणूस जगतो." कॉलेजात असताना मला वाटायचं की खरं सापडलं की माणूस मोकळा होतो. मी तसं वादविवादात बोललेही होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता खरं माझ्या हातात होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

पण तुम्ही गेलात त्या दिवशी दारात काय म्हणालात, ते मी विसरले नाही. आई म्हणाली, "पाहिलंत म्हणता, मग माझा मुलगा कुठे आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "मला फाशी द्या, पण मी पाहिलं नाही असं म्हणायला लावू नका." तुम्हाला भास नको होता. भास कबूल केला असता तर तुम्हाला इथेच राहता आलं असतं. लोक हळहळून गप्प बसले असते.

म्हणून गेल्या आठवड्यात धुकं पडलं तेव्हा मी आईला मनोऱ्यावर नेलं. कशी आली विचारू नका. जिना चढताना दर वळणावर ती म्हणत होती, "मी परत जाते." दादाचा तो पांढरा शर्ट तिच्या पिशवीत होता. खुंटीवरून काढून फोरमनकाकांनी तिच्या हातात दिला होता, तेव्हापासून तिने तो धुतलेला नाही.

आधी ती बसली. "मला नुसतं पाणी दिसतंय," म्हणाली. ती उजव्या डोळ्याची आहे. मग मी बसले, दोर डाव्या हातात घेतला आणि तिला शर्ट खुंटीला लावायला सांगितलं.

"शीड आलं, आई."

तिने शर्ट काढला.

"गेलं."

पुन्हा लावला. "आलं."

ती जवळ आली. माझ्या तोंडाकडे, मग भिंतीकडे बघत राहिली. "अगं, तू शर्ट बघते आहेस. हा डोळा उघडाच आहे तुझा."

"हो. शर्टच बघते आहे."

खाली काका कोणाला तरी दोरखंडाबद्दल झापत होते, तेवढा आवाज. मग तिने शर्ट काढला, खांद्याला खांदा जुळवून त्याची घडी घातली आणि खुर्चीच्या त्या झिजलेल्या हातावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे ते त्याच्याकडेच बघत होते."

मी हे वाक्य शिकवलं नव्हतं. माझ्याकडे भिंग, कोन, डोळा असले शब्द होते. हे तिचं आहे आणि तुम्हाला तिचंच कळवते आहे.

आता राहिलेलं.

खुंटी मी उपटली आहे. भिंतीतलं भोक बुजवलं नाही. लोखंडी खांब कापून बाजूला घ्यावा, असा अर्ज दिला होता. लोहार शुक्रवारी येऊन तो कापून गेला. आता त्या खुर्चीत कोणत्याही डोळ्याने बघता येतं. काल मी पहिल्यांदा डावा लावला. स्वच्छ दिसलं. बांधाशी कोणी नव्हतं. मी तसं कळवलं आणि मग बराच वेळ खाली उतरले नाही.

आणि पाकिटावर तिकीट का नाही, ते. हे पत्र पुरं झालं की आईच्या हातात देऊन तिला गाडीत बसवायचं, असं ठरवलं होतं. वरचं सगळं लिहिलं ते त्याआधी. या शेवटच्या ओळी मी फलाटावर, तिच्या पिशवीवर कागद ठेवून लिहिते आहे. गाडीचं तिकीट तिने स्वतः काढलं. ती आत बसली आहे, खिडकीपाशी. तुम्ही हे वाचून होईपर्यंत ती तुमच्या दारात उभी असेल आणि आधी बोलणार नाही. तिला आत या म्हणा. पिशवीत शर्ट आहे.

गाडी हलली. कागद आणि पिशवी खिडकीतून तिच्या हातात देते आहे.

तुमचाच डोळा घेऊन जन्मलेली,
डावरी