घाबरट म्हणाले मी

मंगळवार, जानेवारी २०१४. रुवी.

सूरच्या किनाऱ्यावर पाणी शिरेल, असा इशारा सकाळीच आला. ह्यांचा तिथून, कामावरून फोन, "घरी निघू का गं? अर्बाब, आमचा मालक, म्हणतो, गलबत दोरांनी बांधा, मग जा. इन्शाल्ला, काही होत नाही."

मी हसले. "मागच्या इशाऱ्यालाही धावत आलात. थेंब तरी पडला? घाबरट कुठले!"

हे तिथेच थांबले. माझ्यामुळेच ना?

दुपारपासून फोन लागत नाही. आधी अरबीत, मग इंग्रजीत, तीच बाई तेच सांगते. सूरपासून इतक्या लांब, इथे रुवीतसुद्धा वाऱ्याने खिडक्या हादरताहेत.

"आई, बाबा येणार, राइट?" मुलीने विचारलं. मी हो म्हटलं.

घाबरट. हाच शब्द का सुचला मला?

भात लावताना तांदळाची तिसरी, ह्यांच्या वाटची मूठ घेतली, आणि परत डब्यात टाकली.