तुम्ही मोडलेली पट्टी

सर, परवा कॉलेजात तुमच्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन झालं आणि मला बोलायला बोलावलं होतं. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुमच्याबद्दल कुणीही काहीही बोलावं अशी सोय झालीय. माझी ओळख करून देताना एक तरुण प्राध्यापक म्हणाले, ‘आज मॅडम यांत्रिक मनगटी घड्याळांसाठी जे लवचीक भाग तयार करतात, त्याची पहिली कल्पना याच कॉलेजात, सरांच्या मार्गदर्शनाखाली जन्माला आली.’ टाळ्या पडल्या. हार घातलेला तुमचा फोटो माझ्या डाव्या हाताला होता आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मार्गदर्शन!

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट होतं ते. घड्याळात चाकाचा एकेक दात अडवून सोडणारा एक खटका असतो. तो बारीकशा आसावर हलतो, आस घासतो, म्हणून तेल लागतं, आणि तेल वाळलं की घड्याळ बिघडायला लागतं. मी तो खटका पोलादाच्या एकाच पत्र्यातून कापून आणला होता. आस नाही, खिळा नाही, तेल नाही. मधली पट्टी इतकी पातळ, की तीच वाकायची आणि तीच परत जागेवर यायची. वाळूजच्या एका कारखान्यात हातापाया पडून मी तो कापून घेतला होता, भिंतीवरच्या घड्याळाच्या मापाचा. तुम्ही तो हातात घेता, चष्मा कपाळावर सरकवता.

‘यात सांधा कुठाय?’

‘सर, ही पट्टीच सांधा आहे.’

‘अगं, यंत्रात जे वाकतं त्याला दोष म्हणतात.’

आणि तुम्ही दोन्ही अंगठ्यांनी दाबत जाता. पट्टी वाकते. तिथं सोडली असती तर ती परत आली असती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पोलाद त्याच्या मर्यादेत वाकवलं तर मूळ जागी येतं, हे आम्हाला फळ्यावर आकृती काढून कुणी शिकवलं होतं? तुम्हीच ना? तरी तुम्ही दाबत राहिलात. कट्ट आवाज झाला. ‘बघा,’ तुम्ही तुकडे वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलेत, ‘ही बाई हे मनगटावर बांधायला निघाली होती.’ पोरं खो खो हसली. नापास केलं असतंत तर मी पुन्हा बसले असते, सर. पण ती पट्टी आपणहून मोडली नव्हती, तुम्ही ती मोडलीत आणि मग तीच कशी कच्ची, ते सांगितलंत. कुठलीही चांगली वस्तू अशी मोडता येते. त्याला परीक्षा म्हणत नाहीत.

मी तिथल्या तिथं हे बोलले, म्हणून तुम्ही माझ्या वडिलांना बोलावून घेतलंत. अब्बांचं शहागंजात छत्र्या आणि बॅगांचं दुकान. ते भरदुपारी दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. तुम्ही चहा मागवलात! इतक्या अदबीनं बोललात, की अब्बा खुर्चीच्या कडेवरच बसून राहिले. ‘मुलगी मेहनती आहे, पण मशीनचं डोकं नाही तिला. पुढं पुण्याला वगैरे पाठवू नका. बी.एड. करू द्या. शाळेत शोभेल.’ छावणीतल्या आमच्या घरी परतताना रिक्षात मी रडत होते, तर अब्बा म्हणाले, ‘मैं क्या जानूं बेटी, उस्ताद बोल रै तो सोच के ही बोल रै होंगे.’

पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता, तो सुटला. मी बी.एड. केलं. फर्दापूरच्या शाळेत गणित शिकवलं. नोकरी वाईट नव्हती, पोरंही लई गुणी होती. जवळची लेणी बघायला आलेल्यांच्या बसगाड्या खिडकीतून दिसायच्या आणि मी फळ्यावर त्रैराशिक मांडत असायचे. माझ्या वयाचे ते हसणारे पोरगे तेव्हा कारखान्यांतून यंत्रं उभी करत होते. शेवटी शाळा सोडून वाळूजला यंत्रांची ड्रॉइंग काढायच्या नोकरीवर जाते म्हटलं, तेव्हा अब्बा हळूच म्हणाले, ‘तेरे सर नाराज होंगे.’ तुम्ही वारलात त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं, सर. तरी त्यांना तुमच्या नाराजीची काळजी!

आता मी जे करते ते ऐका. घड्याळाच्या काळजाशी मागं-पुढं डोलणारं चाक असतं. आमच्या चाकाला आसच नाही. केसासारख्या पातळ पट्ट्यांवर ते तोललेलं आहे आणि त्या पट्ट्या वाकतात म्हणूनच ते चालतं. पहिल्या कितीतरी मोडल्या. कुठं जाड, कुठं पातळ ठेवायची, कोपरा किती गोल करायचा, हे शिकत गेलो. आज ती घड्याळं लोकांच्या मनगटावर आहेत. त्या दिवशी मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, कोपरा गोल कर आणि पुन्हा आण.

व्यासपीठावर मी हे सगळं सांगितलं. मार्गदर्शन नव्हतं, म्हटलं. सरांनी ती पट्टी माझ्यासमोर मोडली होती आणि माझ्या वडिलांना मला पुण्याला पाठवू नका असं सांगितलं होतं. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. कुणी टाळी वाजवली नाही. फक्त मागच्या रांगेतल्या काही मुली ताठ बसून माझ्याकडं बघत होत्या.

खाली उतरले तर तुमच्या मिसेस काठी टेकत आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘त्यांचं घरातही असंच होतं गं. एकदा नाही म्हटलं की संपलं.’ मग त्यांनी विचारलं, ‘पण शिकवायला बरे होते ना? खरं सांग.’

उस्मानपुऱ्यातलं तुमचं घर मला माहीत आहे, आणि हे पत्र तिथं टाकलं तर त्याच वाचतील. म्हणून टाकणार नाही. तुमच्यावरचा माझा राग कणभर कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही. पण त्यांना मी ‘हो’ म्हणाले, सर. ‘त्यांच्याइतकं चांगलं मला कुणीच शिकवलं नाही,’ असंही म्हणाले. त्यांचं मन राखायला म्हणाले, असं घरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते. ते सांगणं खोटं आहे.