नाल्याच्या वरचं पाणी

अब्बा,

तुम्ही गेल्यावर गावच्या टाकीवर चढणारं कुणी उरलं नाही. आता मोटर फोनवरून चालू होते आणि नदीचं पाणी तपासायला कोल्हापुरातून प्रयोगशाळेची गाडी येते. त्या गाडीत मी असते. ग्रामपंचायत, शेजारचा कारखाना आणि आमची खाजगी प्रयोगशाळा, असा तिघांचा करार झालाय. कागदावर त्याला भागीदारी म्हणतात. पंचायत जागा दाखवते, कारखाना खर्च उचलतो, आम्ही अहवाल देतो. ज्याचं सांडपाणी तपासायचं तोच तपासणाऱ्याला पोसतो, हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग माझ्याकडे बघितलं असतंत.

मी सातवीत होते. आरोग्य केंद्रात नळाच्या पाण्याची बाटली द्यायची होती, म्हणून तुम्ही मला शेवटच्या गल्लीतल्या नळावर पाठवलंत. ऊन होतं. मी टाकीखालीच बाटली भरून आणली. तुम्ही झाकण काढून वास घेतलात. घरात आपण दखनी बोलायचो, पण राग आला की तुम्ही गावच्या मराठीवर यायचा. "एवढा ब्लिचिंग पावडरीचा वास शेवटच्या नळाला येतोय व्हय? टाकीखाली सगळंच पाणी चांगलं असतंय. घाण असंल तिथलं भरून आण, जा." बाटली मोरीत ओतलीत. मी रडत गेले. परत येईपर्यंत तुम्ही जेवला नव्हतात.

आणि आता बघा. नमुना घ्यायची जागा करारातच लिहिलेली आहे: पंपाजवळ, म्हणजे कारखान्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या वर. मी पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या साहेबांना म्हटलं, "सर, खालून घ्यायला हवा." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, जागा तिघांनी मिळून ठरवली आहे. तुमचं काम बाटली भरायचं." मी भरते. त्यातलं पाणी खरंच चांगलं असतं. अहवालात एकही आकडा खोटा नाही, अब्बा. हीच तर सोय आहे.

उन्हाळ्यात नाल्याखालच्या वस्तीवरच्या मावशींची म्हैस मेली. दोन म्हशींवर घर चालवणारी बाई. ग्रामसभेत सरपंच माझा अहवाल वाचत होते, तेवढ्यात त्या उठल्या. "कागद ठेवा तिकडं. ही आमच्या पाणीवाल्याची पोर हाय. हिच्या बानं कधी खोटं पाणी पाजलं न्हाय. पोरी, तू सांग, दुसरीला नदीवर नेऊ का नको?"

सगळे माझ्याकडे बघताहेत. कारखान्याचा अधिकारी पाण्याच्या बाटलीचं सील फोडतोय. मी म्हणते, "मावशी, अहवालात पाणी मर्यादेत आहे."

"मग झालं की," म्हणून त्या खाली बसल्या. कागदावर नाही, तुमच्या नावावर विश्वास ठेवून बसल्या. पंधरा दिवसांत त्यांची दुसरी, गाभण म्हैस गाभडली. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर अजूनही चहाला बोलावतात. मी गाडी थांबवत नाही. करार मात्र वाढवून मिळाला. त्याच्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

खरं तर हे सगळं मी मावशींना लिहायला हवं होतं. त्या शिकलेल्या आहेत, रोज पेपर वाचतात. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, अब्बा. म्हणून तुम्हाला लिहिलं.