शामेनचा मेंढा आणि माझा अर्ज

३ ऑगस्ट
अखेर बिश्केक सुटलं. तेवीस वर्षं ट्रॉलीबस डेपोत इन्स्पेक्टर. डोक्यात अजून हॉर्न वाजतो. आता हे गाव, सफरचंदाची चार झाडं आणि सात तासांची सलग झोप. डॉक्टरांनीच सांगितलंय. संकल्प: कशालाही चिडायचं नाही.

४ ऑगस्ट, पहाटे ५.१०
शेजारच्या शामेनचा मेंढा ओरडला. कुंपण आमच्या खिडकीपासून नऊ पावलांवर. चिडलो नाही. फक्त नोंद.

९ ऑगस्ट
सहाव्यांदा ५.१०. शामेनला अत्यंत गोडीत विचारलं, की हा प्राणी दुसरीकडे बांधता येईल का. तो थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, बाइके, मेंढाच तो, ओरडणार नाही तर काय अंगाई म्हणेल? सायकाल (आमची ही) हसली. तिने त्यांच्याकडूनच दूध लावलंय. घरातच फितुरी.

२१ ऑगस्ट
नवं बिऱ्हाड आलं की जुन्या शेजाऱ्यांनी त्यांना जेवायला बोलवायचं, ही आपली एरुलुकची रीत. तीन आठवडे होत आले, कोणी विचारलं नाही. सायकालला म्हटलं, हे शेतकरी रीतभात विसरले, आता आपण शहरवाल्यांनीच जपायची. ती म्हणाली, आधी झोपा.

३ सप्टेंबर
कानात कापूस. उपयोग शून्य. मेंढा जाड झालाय, आवाजही. शामेन त्याला ओंजळीने जव चारतो. मुद्दाम. मला खिजवायला.

१२ सप्टेंबर
ग्रामकचेरीत अर्ज दिला. मुद्देसूद, डेपोतली सवय. कटुता नको म्हणून झोपेचा, आवाजाचा उल्लेख टाळला. 'मी या गल्लीत नव्याने राहायला आलो असून, शेजारी शामेन यांच्या मेंढ्याचा महिन्याभरात निकाल लावावा, ही विनंती.' बास. सेक्रेटरी इमानालीने दोनदा वाचला. मग विचारलं, बाइके, हे खरंच लेखी द्यायचंय? म्हटलं, शिक्का मारा. पोच घेतली.

१ ऑक्टोबर
उत्तर नाही. पण दुकानात दोन बायका मला बघून गप्प झाल्या. दुकानदाराने आपणहून खुर्ची दिली. वचक बसलाय.

११ ऑक्टोबर, सकाळी ८
झोपलो! मेंढा ओरडलाच नाही. लेखणीची ताकद.
दुपारी. शामेन दारात, मान खाली. संध्याकाळी जेवायला या म्हणाला. माफी मागणार, उघड आहे. मी मोठ्या मनाने माफ करणार. छोटंसं भाषण तयार.

१२ ऑक्टोबर
भाषण राहिलं.
अख्खी गल्ली होती. मला मानाच्या जागी बसवलं आणि पुढ्यात मुख्य पाहुण्यालाच देतात ते मेंढ्याचं डोकं ठेवलं. ओळखीचा चेहरा. शामेन म्हणाला, बाइके, तुम्ही आलात त्याच दिवशी बाजारातून आणला होता, तुमच्या एरुलुकसाठी. अगदीच हाडकुळा. पाहुण्याला काय हाडं वाढायची? म्हणून जव घालत होतो. अजून महिनाभर ठेवणार होतो, पण तुमचा अर्ज आला. त्याची बायको डोळे पुसत म्हणाली, आमचंच चुकलं, माणसाला इतकं ताटकळत ठेवायचं नसतं. इमानाली म्हणाला, स्वतःच्या मेजवानीसाठी शिक्क्यानिशी अर्ज माझ्या नोकरीत हा पहिलाच.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लाज वाटली. अर्जाचं खरं कारण झोप होतं, हे सांगायला तोंड उघडलं, तर त्यात शामेनने चरबीचा तुकडा भरवला. शेवटी डोक्यातला एक डोळा काढून त्याला दिला. ज्याची वारंवार भेट व्हावी असं वाटतं, त्याला देतात. त्याला भरून आलं.
मटण मऊ होतं.
उठताना सायकालने सगळ्यांना नोरूजला, म्हणजे मार्चमधल्या नववर्षाला, आमच्याकडे बोलावून टाकलं. बावीस माणसं. मला न विचारता.

१९ ऑक्टोबर
सायकालने बाजारातून मेंढा आणला. हाडकुळा. म्हणजे नोरूजपर्यंत पाच महिने जव. बांधायला जागा एकच, माझ्या खिडकीखाली. संकल्प: चिडायचं नाही.

२० ऑक्टोबर, पहाटे ४.४०
आमचा लवकर उठतो. जव घेऊन बाहेर गेलो. शामेन कुंपणाशी उभा, डोळे चोळत. म्हणाला, बाइके, अर्ज कुणाच्या नावाने करायचा असतो?
इमानालीचं नाव सांगितलं.