दुर्बीण, गच्ची आणि बाबांची सही

मी, दीपा धम्मरत्न मुनेश्वर, वय वर्षे एकोणीस, राहणार वणी, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी सांगितलं म्हणून नाही तर स्वतःहून हे लिहितेय. डोकं ठीक आहे. बिघडलाय तो हृदयाचा व्हॉल्व्ह. सोमवारी नागपूरला ऑपरेशन आहे. शिकले इंग्लिश मीडियममध्ये, पण हे आईला वाचता यायला हवं, म्हणून मराठीत.

१. दुर्बीण मैत्रीण वैष्णवीला. अट एकच, लेन्स ओढणीनं पुसायची नाही.

२. गच्चीवरचा टाकीमागचा कोपरा आईचा. रस्त्याच्या लाइटचा उजेड तिथं येत नाही. लाल कागद लावलेला टॉर्चही तिलाच. तो कागद काढू नकोस आई, पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात आणि मग आकाशात काही दिसत नाही.

३. शेजारचे मारोतराव काका, यांना काहीही नाही. दिवाळीनंतर मी अख्खी गल्ली गच्चीवर बोलावली होती. स्पेस स्टेशन आलं, सगळ्या ताऱ्यांपेक्षा तेजस्वी, आवाज नाही, लुकलुक नाही. आणि डोक्यावर येऊन विझलं. ते पृथ्वीच्या सावलीत शिरणार, हे आधी सांगायचं मी विसरले होते.

"पडलं पोरीचं यान," काका म्हणाले. "पाहा बाप्पा, कोणाच्या टिनावर पडते तं."

गल्ली अजून हसते. फक्त बाबा हसले नाहीत.

"गेलं कुठं मंग?"

"कुठं नाही बाबा. चालूच आहे. सावलीतून निघालं की दिसेल, पुढच्या गावांना."

४. बाबा कोळशाचा ट्रक चालवतात. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात, तेवढा वेळ मशीन काम करतं. बाबांचा चेहरा बघून मी म्हटलं, स्टेशन सावलीत जातं ना, तसंच.

"तूच म्हनली होती," बाबा म्हणाले, "निंघते तवा पुढच्या गावाले दिसते. आपल्याले नाही."

ते फेरी मारून परत येतं, हे सांगेपर्यंत बाबा उठून गेले. तेव्हापासून चंद्रपूरच्या खेपाच खेपा. नागपूरला येणार की नाही, विचारायची माझी हिंमत नाही.

बाबांच्या नावे मी मुद्दाम काही ठेवलं नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वाचलंय. मला त्यांची सही हवी आहे.

५. सोमवारी संध्याकाळी स्टेशन परत आपल्यावरून जाणार आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी गच्चीवर जायचं. ते मध्येच विझेल, हे आईनं नागपूरला निघण्याआधीच त्यांना सांगून ठेवायचं. कोणी रडायचं नाही. नागपुरातूनही ते दिसतं. बाबा तिथं असतील तर त्यांनी बाहेर येऊन बघावं.

ठिकाण: वणी, जि. यवतमाळ
दिनांक: १७ जानेवारी २०२६
सही: दीपा मुनेश्वर

साक्षीदार पहिले: मारोतराव. ("मले काही नाही न? मंग आन पेन.")

साक्षीदार दुसरे: जागा कोरी आहे. बाबांनी उभ्यानं सगळं वाचलं, कागदाची घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. हे खालचं लिहायला मी तो कागद परत मागून घेतला.

"दुसऱ्या सहीबिगर हे चालत नाही न?"

"नाही चालत."

"मंग नाहीच चालू दे. ट्रक दोन आठवडे श्रावण डायवरले देल्ला चालवाले. सही नागपूरहून तुह्यासंग वापस आल्यावर करीन, तुह्यासमोर."